दादरच्या गल्लीतल्या ४६ रात्री

मामांना तीस लाईट सांगितल्या. डॉक्टरांच्या कागदावर रेडिएशन लिहिलेलं असतं, शाळेच्या पुस्तकात प्रारण. पण परळला टाटा रुग्णालयाबाहेर बसलेल्या कुणालाही विचारा, तो लाईटच म्हणेल. आठवड्याला पाच, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे सहा आठवडे. मशीनखाली रोज जेमतेम पंधरा मिनिटं. उरलेला दिवस आणि अख्खी रात्र माणसाने कुठे काढायची, ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. हे प्रकरण त्या उरलेल्या वेळाचं आहे.

मामा ५८ वर्षांचे. जिंतूर तालुक्यात पाच एकर कोरडवाहू जमीन. गालाच्या आतल्या बाजूला कर्करोग, तीस वर्षं तिथेच धरलेल्या तंबाखूने झालेला. जुलै २०२५ मध्ये टाटालाच शस्त्रक्रिया झाली. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातही लाईटची सोय आहे आणि तो पर्याय आम्हाला सांगितलाही गेला. पण मामा म्हणाले, ज्यांनी कापलं त्यांच्याच हाताखाली पुरं होऊ दे. तसंही जिंतूरहून रोज संभाजीनगरला जाऊन येणं होणार नव्हतंच. खोली तिथेही घ्यावीच लागली असती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसला. राहणं कुठल्याच योजनेत बसत नाही.

मी डोंबिवलीला राहते. आमचं घर वन रूम किचन, पण जागेचं कारण नव्हतं. जागा केली असती. कारण लोकलचं होतं. दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येतं, म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या एका तपासणीला मी मामांना त्या डब्यातून नेलं. ठाणं येईपर्यंत त्या डब्यातही पाय ठेवायला जागा उरली नाही. टाके नुकते काढलेले, गाल सुजलेला, आणि कुणाचं तरी कोपर सतत त्या बाजूला. परळला उतरल्यावर मामा बाकड्यावर बसले आणि दहा मिनिटं बोलले नाहीत. असं तीस वेळा करायचं नाही, हे मी त्या बाकड्यावरच ठरवलं.

धर्मशाळांचा प्रयत्न सगळ्यात आधी केला. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, टाटाचंच वांद्र्याचं डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मेमोरियल होम, ही नावं रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच भेटीत सांगतात आणि पत्रही देतात. या जागांनी किती घरं तगवली आहेत ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पण देशभरातून रुग्ण येतात आणि खाटा मोजक्या. आमचं नाव एका धर्मशाळेच्या यादीत लागलं, आणि कधी नंबर येईल ते सांगता येत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. खोटी आशा लावली नाही, हे मला बरं वाटलं.

पहिल्या सहा रात्री

१० ऑगस्टला, रविवारी, मामा-मामी मुंबईत उतरले. मी आधीच एक लॉज ठरवून ठेवला होता. ठरवताना दोनच गोष्टी बघितल्या होत्या, दर आणि रुग्णालयापासूनचं अंतर. दर अकराशे, अंतर चालत सात मिनिटं. फोनवर याहून जास्त काही विचारायचं असतं हे मला तेव्हा कळत नव्हतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण तिच्या दारापुढे कुंडी ठेवलेली होती. खिडकी उघडली की समोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. खाली हमरस्ता, त्यामुळे रात्री दोनलाही ट्रकचे हॉर्न. मामीसाठी गादी मागितली तर रोजचे दोनशे जादा. पैसे रोख घेतले आणि पावती म्हणून वहीच्या कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून दिला. चौथ्या दिवशी पक्कं बिल मागितलं तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "बिल पाहिजे तर रेट वेगळा." एक ट्रस्ट राहण्याच्या खर्चाला थोडा हातभार लावणार होता आणि त्यांना पक्की पावती हवी होती. त्या सहा रात्रींचे ७,८०० रुपये कुठेच दाखवता आले नाहीत.

तरी पैशापेक्षा जिन्याने जास्त त्रास दिला. १२ तारखेला चेहऱ्याचा साचा घ्यायचा होता. लाईट देताना मान हलू नये म्हणून प्लॅस्टिकची जाळी गरम करून चेहऱ्यावर बसवतात आणि ती त्या आकारात घट्ट होते. ते करून आल्यावर मामा तीन मजले चढले आणि पलंगावर आडवे झाले ते दुसऱ्या दिवशीच उठले. संध्याकाळी खाली जाऊन चहा पिऊन येऊ म्हटलं तर नको म्हणाले. चहा नको असलेला मामा मी तोवर पाहिलेला नव्हता. त्यांना चहा नको नव्हता, परत चढायचं नको होतं. अजून एकही लाईट झालेली नव्हती.

गल्ली शोधताना

१४ आणि १५ तारखेला संध्याकाळी मी दादर पूर्वेला पायी फिरले. हमरस्त्यावरचे मोठे फलक सोडून आत शिरायचं ठरवलं. हिंदू कॉलनीच्या बाजूला राहत्या इमारतींच्या मधोमध एखादं जुनं गेस्ट हाऊस असतं. कुठे तळमजला आणि वरचे दोन मजले, कुठे नुसता एक मजला, बाहेर पाटी इतकी लहान की गल्लीतल्या दुकानदाराला विचारावं लागतं.

या भागाबद्दल थोडं सांगते, कारण त्याचा आमच्या मुक्कामाशी संबंध आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्त्यांतून माणसं पटापट गेली. त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याच्या बाजूला मोकळी वस्ती आखली गेली: रुंद रस्ते, दोन इमारतींत अंतर, झाडं, घरात चहूकडून हवा. दादरच्या हिंदू कॉलनीत आणि पारशी कॉलनीत उन्हाळ्याच्या भर दुपारीही सावली मिळते, ती त्या आखणीमुळे. साथीच्या धसक्याने बांधलेली ही वस्ती आज आजारी माणसाला किती उपयोगी पडते, ते मी सात आठवडे जवळून पाहिलं.

पाच ठिकाणी चौकशी केली. पहिल्या लॉजने शिकवलं होतं, त्यामुळे या वेळी दर शेवटी विचारला. पायऱ्या किती, ते स्वतः चढून मोजल्या. रूग्ण कर्करोगाचा आहे हे आधीच सांगितलं. एका ठिकाणी ते ऐकल्यावर खोली 'आत्ताच गेली'. राग आला, पण आत शिरल्यावर कळण्यापेक्षा दारात कळलं ते बरं. संडास कमोडचा आहे का, पाणी किती वाजता येतं, बिल पक्कं मिळेल का, आणि दुसऱ्या माणसाचे किती.

शेवटी जे ठरलं ते गेस्ट हाऊस एका जुन्या तीनमजली इमारतीत होतं. समोर राहत्या घरांच्या गॅलऱ्या, त्यांत वाळत घातलेले कपडे आणि तुळशी. शेजारी किराणा दुकान, त्यापलीकडे पोळी-भाजी केंद्र, कोपऱ्यावर औषधाचं दुकान आणि तिथून दोन मिनिटांवर बसचा थांबा. व्यवस्थापक कणकवलीकडचे, पन्नाशीचे. दरपत्रकावर १,८०० रुपये होते. दीड महिना राहणार म्हटल्यावर त्यांनी कागदावर गणित केलं आणि १,२५० सांगितले, वर कर, दोन माणसं त्यातच, पक्कं बिल दर आठवड्याला. अनामत ३,०००. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. पहिल्या लॉजपेक्षा अंतर चार-पाच पट होतं, सुमारे अडीच किलोमीटर, आणि तोच एक मुद्दा मनाला खात होता.

१६ ऑगस्टला, शनिवारी, आम्ही हललो. त्या दिवशी दहीहंडी होती हे तारीख ठरवताना लक्षातच आलं नाही. दादरमध्ये गोविंदांचे ट्रक, ढोल, रस्ते अडवलेले. टॅक्सीवाल्याने कसंबसं कोपऱ्यापर्यंत सोडलं. तिथून मामीच्या डोक्यावर गाठोडं, माझ्या हातात बॅग आणि मामांच्या काखेत एक्स-रेची पिवळी पिशवी. गल्लीत वळलो आणि ढोलांचा आवाज निम्म्याने कमी झाला. मामा थांबले. म्हणाले, "इथं माणसं ऐकू यायलेत." एका गॅलरीत कुणीतरी कुणाला जेवायला हाक मारत होतं, त्याबद्दल बोलत होते.

खोली, पाऊस, तक्रार

खोली दुसऱ्या मजल्यावर होती, ४२ पायऱ्या. पहिल्या मजल्यावरची खोली २४ तारखेला रिकामी होणार, तोवर इथे राहा, असं ठरलं होतं. दोन लोखंडी पलंग, एक कपाट, छताचा पंखा आणि इमारतीच्या डक्टकडे, म्हणजे हवेसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीकडे, उघडणारी खिडकी. चावीला पितळेचा जाड बिल्ला, इतका जड की खिशात ठेवून कुणी बाहेर जाऊ नये. गिझर सकाळी सहा ते नऊ. महापालिकेचं पाणी पहाटे येतं, तेव्हा खाली पंप सुरू झाल्याचा आवाज यायचा. मामी तेवढ्याने उठायची, आपल्याकडे नळ आल्यावर उठतात तशी.

सोमवारी १८ तारखेला पहिली लाईट झाली. वेळ मिळाली होती संध्याकाळी साडेसातची. त्या दिवशी पाऊस होताच. १९ तारखेला तर मुंबई थांबली. लाल इशारा, शाळा-कार्यालयं बंद, मध्य रेल्वेची लोकल ठप्प. आमचं गेस्ट हाऊस हिंदमाताच्या उत्तरेला, रुग्णालय दक्षिणेला, आणि पाऊस झाला की पाणी नेमकं हिंदमातालाच भरतं हे मुंबईत लहान पोरालाही माहीत आहे. निवड करताना मी हे धरलंच नव्हतं. मी डोंबिवलीत अडकलेली, मामी फोनवर रडवेली. व्यवस्थापकांनी बाहेर जाऊन बघितलं आणि सांगितलं, "काकांना आज न्यायचं नाही." रुग्णालयात फोन केला, चुकलेली लाईट शेवटी जोडून देतात, असं कळलं. पहिल्या लॉजवर असतो तर मामा चालत पोचले असते, हे खरंच आहे. जवळच्या जागेचा तो फायदा मी नाकारत नाही. पण सहा आठवड्यांत असा दिवस एकच आला, आणि जिना रोजचा होता.

दुसरी अडचण आम्हीच निर्माण केली होती. तोंड स्वच्छ ठेवायला दर दोन-तीन तासांनी मीठ-सोड्याच्या गुळण्या सांगितल्या होत्या. मामा पहाटे पाचला उठून पहिली गुळणी करायचे, शेतकऱ्याच्या घशाने. डक्टमध्ये तो आवाज घुमायचा आणि शेजारच्या इमारतीतल्या बाईंच्या झोपायच्या खोलीत पोचायचा. चौथ्या दिवशी त्या खाली येऊन व्यवस्थापकांना बोलल्या. आम्हाला समजलं तेव्हा मामा इतके ओशाळले की दुसऱ्या पहाटे टॉवेल तोंडावर धरून गुळणी करू लागले. तशी गुळणी नीट होत नाही, आणि ती नीट होणं गरजेचं होतं. त्या बाईंचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांचं ते घर आहे; त्यांच्या भिंतीपलीकडे दर आठवड्याला नवा माणूस येतो आणि त्याच्या सवयी त्यांनाच सोसाव्या लागतात. राहत्या वस्तीतल्या लॉजमध्ये ही बाजू कायम असते आणि येणाऱ्याने ती ओळखून राहायला हवं. २४ तारखेला आम्ही पहिल्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत गेलो. तिथे खिडकी मागच्या अंगणाकडे, बदामाच्या झाडावर उघडत होती, आणि पायऱ्या २१. पुढे तक्रार आली नाही.

जेवण

या मुक्कामात सगळ्यात अवघड काय होतं विचाराल तर खाणं, आणि सगळ्यात जास्त शिकवलं तेही खाण्यानेच.

गालाला आणि मानेला लाईट घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटतं. लाळ चिकट होते, चव जाते. गरम नको, तिखट नको, आंबट नको, कडक नको. हॉटेलच्या वरणातसुद्धा फोडणीची मिरची असते, आणि तेवढी मिरची मामांना कळ आणायला पुरेशी होती. खोलीत शिजवायला मनाई होती. शेगडी नाही, इंडक्शन नाही, हा नियम पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेला. तो नियम मी मोडला नाही आणि कुणी मोडावा असंही म्हणणार नाही. जुनी वायरिंग, लाकडी जिना आणि वर झोपलेली माणसं. पाण्यासाठी विजेची किटली चालेल, एवढी सूट मिळाली.

पहिले दोन आठवडे पोळी-भाजी केंद्राने तारलं. चालवणाऱ्या ताईंनी मामांचा डबा वेगळा करायला सुरुवात केली. मऊ मुगाची खिचडी, वर तूप, मोहरी-मिरची काही नाही. दुधी शिजवून घोटलेला. कधी तांदळाची पेज. हा डबा वेगळा ओळखू यावा म्हणून त्याच्या कडीला पांढरा दोरा बांधलेला असायचा. गणेश चतुर्थीला, २७ ऑगस्टला, लाईटला सुट्टी होती; त्या दिवशी दोऱ्याच्या डब्यात एक उकडीचा मोदक निघाला, सारण न भरलेला, नुसती उकड आणि तूप. मामांनी तो अर्धा तास लावून खाल्ला. कर्करोगाच्या मुक्कामात असा अर्धा तास किती मोलाचा असतो, ते ज्याने काढला त्यालाच कळेल.

चौथ्या आठवड्यात गिळणं जवळजवळ थांबलं. वजन उतरलं आणि डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. आता अन्न अगदी पातळ, गाठ नसलेलं, गाळलेलं हवं. सिरिंजने दर दोन तासांनी एक पेलाभर, हळूहळू. म्हणजे मिक्सर हवा, गाळणी हवी, फ्रिज हवा आणि हात धुवून काम करायला स्वच्छ ओटा हवा. यातली एकही गोष्ट लॉजच्या खोलीत नसते. मी व्यवस्थापकांशी बोलले. तळमजल्यावर चहा-नाश्त्यासाठी एक छोटी पॅन्ट्री होती. ते म्हणाले, मालकांना विचारतो. संध्याकाळी उत्तर आलं: सकाळी दहा ते साडेदहा आणि संध्याकाळी चार ते साडेचार पॅन्ट्री मामीची, मिक्सर स्वतःचा आणायचा, आणि फ्रिजमध्ये खालचा एक कप्पा.

मामीने तो अर्धा तास असा वापरला की बघत राहावं. केंद्रातून आलेली पेज आणि डाळ मिक्सरमधून काढायची, चहाच्या गाळणीने एकदा गाळायची आणि मग धुतलेल्या सुती कापडातून पुन्हा. त्यात आहारतज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे दूध, नाचणीचं सत्त्व, चमचाभर तेल. कापड पिळताना तिचे हात गावाकडे खव्यासाठी दूध गाळताना चालायचे तसेच चालत होते. तयार झालं की स्टीलचे डबे, त्यावर वेळ लिहिलेली चिकटपट्टी. मामीला चौथीपर्यंतचं लिहिणं येतं. तिने '१०', '१२', '२' असे आकडे घातले आणि एकदाही चुकली नाही.

मोठ्या हॉटेलात हे झालं असतं का? मला नाही वाटत. तिथे स्वयंपाकघर बंद दाराआड असतं आणि परवानगी द्यायला कुणी सापडत नाही. इथे मालक त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होता आणि त्याची आई जिन्यात मामीला रोज भेटत होती. लहान जागेत सोयी कमी असतात, पण हो म्हणणारा माणूस काउंटरपासून एका हाकेवर असतो, आणि मामांना जे लागलं ते सगळं त्या एका हाकेवर मिळालं.

पूल आणि रस्ता

जाण्या-येण्याचं थोडक्यात. दादरपर्यंत रिक्षा येत नाही, म्हणून काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं ३१ रुपये. आमचे एका फेरीला पन्नास-साठ व्हायचे. तब्येत बरी असेल तेव्हा जाताना बेस्टने, मे महिन्यात वाढलेलं किमान भाडं १० रुपये. १२ सप्टेंबरला परळ आणि प्रभादेवीला जोडणारा एल्फिन्स्टनचा शंभरी उलटलेला पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि पश्चिमेकडून टाटा-केईएमकडे येणाऱ्यांना टिळक पुलावरून किंवा करी रोडवरून फिरून यावं लागलं. रांगेत आमच्या शेजारी बसणाऱ्या, प्रभादेवीला खोली घेतलेल्या एका जळगावच्या जोडप्याचा प्रवास दुप्पट झाला. आम्ही पूर्वेलाच होतो म्हणून वाचलो. यात माझी हुशारी काहीच नव्हती. पण परळला येणाऱ्याने रेल्वेच्या कुठल्या बाजूला राहायचं हे आता आधी बघावं.

धर्मशाळेचा फोन

९ सप्टेंबरला धर्मशाळेतून फोन आला. खाट रिकामी झाली आहे, संध्याकाळपर्यंत या.

हा या प्रकरणातला सगळ्यात कठीण निर्णय, आणि त्यावर आमच्या घरात अजूनही दोन मतं आहेत. तिथे राहणं नाममात्र दरात, जेवणाची सोय, आजूबाजूला त्याच आजाराची माणसं, म्हणजे समजावून सांगायची गरज नाही. आमचे पुढचे तीस हजार वाचले असते. माझा मामेभाऊ गावाहून फोनवर म्हणत होता, जा, उगाच पैसे का जाळता. पतसंस्थेचं कर्ज त्याच्या नावावर होतं, त्यामुळे त्याला तसं म्हणण्याचा पुरा हक्क होता. पण नळी घालून दोनच दिवस झाले होते. पॅन्ट्रीची वेळ, दोऱ्याचा डबा, २१ पायऱ्या, अंगणाकडची खिडकी, हे सगळं नुकतं बसलं होतं. मामांना विचारलं तर म्हणाले, "मला इथं झोप लागायलीय. पर पैशाचं तुम्ही बघा." निर्णय त्यांनी आमच्यावर टाकला आणि मी तो मामीवर टाकला. मामीने रात्रभर विचार केला नाही, पाच मिनिटांत सांगितलं: त्यांची झोप मोडायची नाही.

आम्ही खाट सोडली. दुसऱ्या कुणाला तरी ती त्याच संध्याकाळी मिळाली असणार. मला आजही वाटतं की निर्णय बरोबर होता. आणि मामेभावाचा आकडाही बरोबर होता.

हिशोब

गेस्ट हाऊसमध्ये १६ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर, ४६ रात्री. सुरुवातीला कर १२ टक्के, म्हणजे १,२५० वर १५०, रात्रीचे १,४००. २२ सप्टेंबरपासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. व्यवस्थापकांनी त्या दिवसापासूनचं बिल न सांगता नव्या दराने काढलं, रात्रीचे १,३१२ रुपये ५० पैसे. ३७ रात्रींचे ५१,८०० आणि ९ रात्रींचे ११,८१२.५०, मिळून ६३,६१२.५०. पहिल्या लॉजचे ७,८०० धरून राहण्याचा एकूण खर्च ७१,४१२.५०. करातल्या फरकाने ७८७ रुपये ५० पैसे वाचले, म्हणजे टॅक्सीचे सहा-सात दिवस. ट्रस्टने पक्क्या बिलांवर १५,००० दिले. बाकीचं पतसंस्था, माझी आवर्त ठेव आणि मामीच्या बहिणीचे उसने.

यातला पहिला आकडा वाचवता आला असता. मी आधी एक दिवस येऊन पायऱ्या मोजल्या असत्या तर ७,८०० रुपयांपेक्षाही मामांचा तो एक आडवा पडलेला दिवस वाचला असता. रेल्वेच्या सवलतीतही मी कमी पडले. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. तो मी येतानाच्या प्रवासाला घेतलाच नाही. मामा-मामी पुरं तिकीट काढून आले.

निघताना

पावसाचा आणि चतुर्थीचा, असे दोन दिवस शेवटी जोडले गेले आणि तिसावी लाईट ३० सप्टेंबरला, मंगळवारी झाली. नळी अजून होती. ती पुढे दोन आठवड्यांनी निघाली. १ ऑक्टोबरला सकाळी खोली सोडली, कारण दुसऱ्या दिवशी दसरा होता आणि मामांना सोनं घरच्या दारात वाटायचं होतं. बोलता येत नव्हतं नीट, तरी हे एक वाक्य ते आठवडाभर म्हणत होते.

मामीने पॅन्ट्रीचा ओटा घासला, फ्रिजचा कप्पा पुसला आणि मिक्सर पिशवीत भरला. केंद्रातल्या ताईंचा शेवटचा डबा रिकामा परत देताना तिने कडीचा दोरा सोडून घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला. व्यवस्थापकांनी अनामत मोजून परत दिली, रजिस्टर पुढे केलं. मामांनी पितळेचा बिल्ला काउंटरवर ठेवला आणि जाण्याच्या रकान्यात सही केली. येण्याच्या रकान्यातली सही मी त्यांच्या वतीने केली होती. ही त्यांची स्वतःची होती.

नोव्हेंबरच्या शेवटी तपासणीला यायचं होतं, दोन रात्रींसाठी. मी धर्मशाळेला फोन लावणार होते, तेवढ्यात मामीचा फोन आला. तिने कणकवलीच्या दादांशी स्वतःच बोलून ठेवलं होतं. मागची खोली दुसऱ्या कुणीतरी घेतलेली होती, आणि तिच्यातही परळचाच रुग्ण होता. यांना समोरची मिळाली, पहिल्याच मजल्यावरची. डक्टची नाही ना, एवढं तिने विचारून घेतलं होतं.